आजीवन वर्गणी

पासबुक हे वाचायचं पुस्तक नव्हे, ही गोष्ट दारव्ह्यात बँक आली तेव्हाच कोणीतरी सांगून टाकायला हवी होती. ज्यांची ज्यांची तिथे खाती निघाली त्यांनी पासबुकं घरी आणली, त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि देवाच्या फळीवर ठेवून दिली. त्या घरांतून कधी काही भलतंसलतं घडल्याचं ऐकिवात नाही. तहसील कचेरीतले रेकॉर्डकीपर नीळकंठराव घुईखेडकर यांनी मात्र एका रविवारी, उकाड्यानं डोळा लागेना म्हणून, आपलं पासबुक उघडून वाचायचं ठरवलं.

दुसऱ्या पानावर ते उठून बसले. तिसऱ्या पानावर त्यांनी चष्मा पुसला.

दर महिन्याला, पाच तारीख आली की खात्यातून दोन रुपये वजा होत होते. समोर कारण लिहिलं होतं : 'वर्गणी'. कोणाची, कशाची, काही नाही.

दुसऱ्या कोणाच्या पासबुकात हा शब्द निघता तर तो पान उलटून पुढे गेला असता. नीळकंठरावांचं तसं नव्हतं. उभ्या जन्मात त्यांनी कोणाला वर्गणी दिली नव्हती. गणपतीची पोरं आली की ते गेल्या वर्षीचा हिशेब मागत, आणि पोरं हिशेब आणायला जात ती पुढच्या गणपतीला येत. व्यायामशाळेची माणसं आली की ते सोवळं नेसून पूजेला बसत. (एका भाद्रपदात ही पूजा सकाळी सुरू झाली ती दिवेलागणीपर्यंत चालली, आणि ओट्यावर बसलेल्या पहिलवानांनी शेवटी देवालाच नमस्कार केला आणि ते निघून गेले.) गावात कोणी म्हणालं की अमक्यानं चंद्राला हात लावला, तर लोक मान डोलावत, पण नीळकंठरावांनी वर्गणी दिली असं म्हणालं तर तापाचं औषध आणून देत.

आणि इथे बँक गुपचूप, दर महिन्याला, दोन रुपये!

एकुलती लेक सुचित्रा लग्न होऊन खांडव्याला गेल्यामुळे घरात संशय घ्यायला एकच माणूस उरलं होतं. ते माणूस माजघरात तांदूळ निवडत होतं.

"कुंदा, कोणत्या मंडळात नाव घातलं आहेस तू?"

"कसलं मंडळ?"

"महिला मंडळ, भजनी मंडळ, काय असेल ते. माझ्या खात्यातून दर महिन्याला वर्गणी चालली आहे."

"तुमच्या खात्यातून मी कशी देणार? मी बँकेची पायरी तरी चढली का कधी? तुम्हीच तर म्हणाले होते, बाईमाणूस आत गेलं की व्याज कमी होते म्हणून."

(असं ते खरंच म्हणाले होते. व्याजाचा दर तेव्हा त्यांना जोरजोरात समजावून सांगायचा होता, आणि ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.)

"मग माझी सही केली असशील कोण्या कागदावर."

हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा नीळकंठरावांना ते फार मुद्देसूद वाटलं. कुंदाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यातला एक खडा उचलून अंगणात फेकला. मग त्या बोलल्या, अगदी हळू आवाजात. त्यांचा आवाज चढला की नीळकंठराव निर्धास्त असत. तो उतरला की ते वहाणा शोधू लागत.

"चोर म्हणून राहिले तुम्ही मला. बरं. उद्या दुपारी बाराला वणीची गाडी आहे. त्याच्या आधी ती वर्गणी कोणाच्या घशात चालली ते शोधून आणा, आणि माझ्यासमोर कान धरून माफी मागा. नाहीतर मी चालली माहेरी. आणि मागच्यासारखे न्यायला नका येऊ. मी नाही येणार."

एवढं बोलून त्यांनी अबोला धरला.

मागच्या खेपेला कुंदाबाई वणीला जाऊन राहिल्या होत्या तेव्हा नीळकंठरावांनी स्वतःच्या हातानं चहा केला होता. साखर म्हणून त्यांनी रांगोळी घातली, आणि ती विरघळेना म्हणून आणखी घातली. आल्यागेल्यानं पाहू नये म्हणून तो चहा त्यांनी मागच्या अंगणात फेकला, तिथे अजूनही गवत उगवत नाही. पण चहाचं एक वेळ सोडा. कुंदाबाईंशिवाय त्या घरात बोलणार कोणाशी, आणि ऐकणार कोण? रात्रभर नीळकंठराव आढ्याकडे पाहत पडून राहिले. सकाळी उठले तेव्हा बंबात पाणी तापलेलं होतं आणि दोरीवर धुतलेलं धोतर घडी करून ठेवलेलं होतं. बाई मात्र ट्रंक भरत होत्या. नीळकंठराव काहीतरी बोलणार होते, पण पहिलं कोण बोलणार हा मोठा प्रश्न होता. ते तसेच निघाले. कचेरीत किरकोळ रजेची चिठ्ठी पाठवली आणि बँकेचं दार उघडायच्या आधी पायरीवर जाऊन उभे राहिले.

बँकेचे एजंट सदाशिवराव हा भला माणूस. त्या काळी बँकेच्या साहेबाला एजंट म्हणत, आणि त्यानं खातेदाराला घरच्या पाहुण्यासारखं वागवावं अशी रीत होती. सदाशिवरावांनी नीळकंठरावांना बसवलं, पासबुक पाहिलं, फायलीतून एक कागद काढला आणि टेबलावरून पुढे सरकवला.

"हे दोन रुपये अंतिम सेवा साहाय्यक मंडळाला जातात."

"म्हणजे देवराव टालवाल्याचं?"

"तेच."

देवरावचा लाकडाचा टाल, म्हणजे वखार, आणि त्याचं मंडळ गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सभासदाच्या घरी कोणी वारलं की लाकडं, बांबू, मडकं, गवऱ्या, वर चार धडधाकट खांदेकरी, असं सगळं मंडळातर्फे दारात हजर. घरच्यांनी फक्त रडायचं.

"पण मी कशाला सभासद होऊ? मला काय झालं?"

"काही झालं नाही म्हणून तर होता आलं. ही सही तुमचीच ना?"

नीळकंठरावांनी कागद उचलला. सही त्यांचीच होती. बढती मिळाल्यापासून ते सहीच्या शेवटी मोराच्या पिसाऱ्यासारखा एक फराटा काढत, आणि तो काढायला बराच वेळ लागे. कुंदाबाईंना एवढा वेळ असता तर त्यांनी दोन पापड जास्त लाटले असते.

तारीख पाहिली आणि सगळं लखकन आठवलं.

तो जुन्या पोस्टमास्तरांच्या अंत्यविधीचा दिवस. आपल्याकडे चितेला अग्नी दिला की तिथेच घाटावर शोकसभा होते, आणि दारव्ह्यात शोकसभा म्हटली की नीळकंठराव बोलणार हे ठरलेलं. त्या दिवशी ते फार रंगले. काय बरोबर न्यायचं आहे, कोणासाठी साठवायचं, कोणाचा पैसा नि कोणाची बँक, असं बोलता बोलता त्यांना स्वतःलाच हुंदका आला. (पोस्टमास्तरांचा मुलगा तोवर घड्याळ पाहू लागला होता.) भाषण संपवून ते खाली बसले, तोच देवरावनं कागद पुढे केला. देवराव सभासद घाटावरच करी. दुसरीकडे कुठे होत नाहीत, हा त्याचा अनुभव. त्या घटकेला नीळकंठरावांनी बँकच काय, अंगावरचा सदराही लिहून दिला असता. 'आजीवन, खात्यातून परस्पर' यावर त्यांनी पिसारा काढला, घरी येऊन आंघोळ केली, आणि अंगावरच्या पाण्याबरोबर ते वैराग्य नहाणीच्या मोरीतून वाहून गेलं.

"बंद करा हे," ते कसनुसं म्हणाले.

"देवरावचं पत्र आणा, लगेच करतो."

"बाराच्या आत झालं पाहिजे. घरचा प्रश्न आहे."

"मग निघाच तुम्ही. पण पान खाऊन जा."

सदाशिवरावांचा पानाचा डबा चांदीचा होता आणि त्यातला तंबाखू नागपूरचा, काळा. नीळकंठराव तंबाखू खात नसत. पण फुकट आलेल्या वस्तूला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि ती थुंकून टाकायची तर मुळीच नव्हती. पान गालात ठेवून ते भर उन्हात टालाकडे निघाले. मनाशी सगळा बेत पक्का होता : देवरावचं पत्र घ्यायचं, बँकेत द्यायचं, आणि घरी जाऊन सांगायचं की चूक बँकेची होती. कारंज्याच्या रस्त्याला वळेपर्यंत त्यांना घाम फुटला. टालाच्या फाटकाशी पोचेपर्यंत डोळ्यांतून धारा लागल्या आणि जमीन होडीसारखी डोलायला लागली.

देवराव टालवाल्याचं काम करायचं एक वळण होतं. टालावर दोन तऱ्हेची माणसं येत. चुलीसाठी लाकूड घेणारी फाटकापासूनच भाव करत येत. दुसऱ्या कामासाठी येणारी काही न बोलता येत. जो काही न बोलता आला त्याला देवराव काही विचारत नसे आणि त्याला बोलूही देत नसे. दुखऱ्या माणसाला बोलायला लावणं त्याला पाप वाटे. बाकीचं तो तोंडाकडे पाहून समजून घेई.

आणि सगळं दारव्हा ज्यांच्या बोलण्यानं गांजलेलं होतं ते नीळकंठराव, जन्मात पहिल्यांदा, काही न बोलता टालात शिरले.

देवराव उठून उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली.

"बसा, नीळकंठराव. काई बोलू नका."

नीळकंठरावांनी एक बोट वर केलं. म्हणजे, जरा थांब, एवढं पान संपू दे.

देवरावनं बोटाच्या रोखानं आभाळाकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "हाव. त्याची मर्जी. आपल्या हाती काय हाये?" मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी?"

बायकोचं नाव निघाल्याबरोबर नीळकंठरावांना वणीची गाडी आठवली आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यासरशी काळ्या तंबाखूचा रस घशाखाली उतरला आणि असा ठसका लागला की लाकडाच्या गंजीवरची कबुतरं उडाली. डोळे, नाक, सगळं एकदम वाहायला लागलं.

"असं नका करू. मले समजते. अचानकच झालं?"

नीळकंठरावांनी मान हलवली. भांडण अचानकच झालं होतं.

"काल परेंत त धडधाकट होत्या. अन् माहेर वणीचं. वणीची गाडी बाराले सुटते, त्याच्या आत कराले पाह्यजे."

नीळकंठरावांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि जोरजोरात मान डोलावली. या माणसाला सगळं कसं कळतं, याचं त्यांना नवल वाटलं. आपण उगाच याच्याकडे कधी लाकूड घेतलं नाही, असंही वाटून गेलं.

"तुमी अठीच बसा. घरी नका जाऊ, पाह्यल्या नाई जानार तुमच्याच्यानं. मी सगळं करतो," असं म्हणून देवरावनं सायकल काढली.

शिक्का आणायला गेला असेल, असं नीळकंठराव धरून चालले. ते एका ओंडक्यावर टेकले. थोड्या वेळानं कोणीतरी गार पाणी आणून दिलं. मग चहा आला. पान संपलं, डोकं ताळ्यावर आलं, पण तोवर बोलायची गरजच उरली नाही. कारण टालावर एकेक माणूस येऊ लागलं. येणारा चपला बाहेर काढी, हात जोडी आणि शेजारी बसून राही. शाळेचे हेडमास्तर आले, कापसाचे अडते आले, व्यायामशाळेचे पहिलवान आले आणि त्यांनी वर्गणीचं नावही काढलं नाही. गावात आपल्याबद्दल एवढा आदर आहे याची नीळकंठरावांना कल्पना होती, पण तो या टालावर येऊन व्यक्त करायची पद्धत आहे हे ठाऊक नव्हतं. ते गंभीर चेहरा करून बसले. आदर स्वीकारताना चेहरा गंभीर असावा लागतो.

मग कचेरीचा पट्टेवाला उत्तमसिंग आला.

"सायेब, तहसीलदार सायेबानं अर्ध्या दिवसाची सुट्टी देल्ली कचेरीले."

"अरे वा. कशाबद्दल?"

उत्तमसिंग चमकून त्यांच्याकडे पाहू लागला. "तुमच्या घरी असं झालं म्हून."

"कसं झालं?"

"सायेब..." उत्तमसिंगनं मान खाली घातली. "कुंदावहिनी वारल्या म्हून."

नीळकंठराव ओंडक्यावरून उठले ते टालाच्या फाटकाबाहेर कधी पडले हे त्यांना अजून आठवत नाही. एक वहाण टालातच राहिली. मागून कोणी हाका मारत होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर दोरीवरचं घडी केलेलं धोतर होतं आणि ओठांवर सकाळी न बोललेलं एक वाक्य. चोर म्हणालो आपण तिला, आणि तिनं काय करून घेतलं? रस्त्यावर सायकली थांबल्या, बैलगाड्या बाजूला झाल्या, चहाच्या दुकानातली माणसं उठून उभी राहिली. नीळकंठराव धावत होते आणि रडत होते. पान केव्हाच संपलं होतं.

घरासमोर लाकडांचा हातगाडा उभा होता. नवे कोरे बांबू भिंतीला टेकवलेले, खाली मडकं, गवऱ्या. शेजारच्या जमनाबाई झाकलेली टोपली घेऊन उभ्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून त्यांनी पिठलं-भाकर आणली होती.

"कुंदाऽऽ!" नीळकंठरावांनी हंबरडा फोडला आणि समोरचा बांबूच कवटाळला.

"ओरडून काहून राहिले? मी इथं आहे."

दारात कुंदाबाई उभ्या होत्या. अंगावर प्रवासाचं लुगडं, पायाशी ट्रंक. पायरीवर देवराव, टोपी हातात धरून.

"आणि तो बांबू सोडा आधी," त्या म्हणाल्या. "हातात काडी शिरेल."

नीळकंठरावांनी बांबू सोडला नाही. त्यांना दुसरं काही धरायला नव्हतं.

"मी यांना मघापासून सांगून राहिली," कुंदाबाई देवरावकडे बोट करून म्हणाल्या, "की मी मेली नाही. तर ऐकतच नाहीत."

"वहिनी, तुमी जिवंत हा, हे मले दिसून राह्यलं. मी कोठी नाई म्हन्तो?" देवराव कळवळून म्हणाला. "पन नीळकंठराव ढसाढसा रडून राह्यलते. एक शब्द नाई निंघला त्यायच्या तोंडातून. ते खोटं हाये का? मी आता कोनाचं खरं मानू?"

"रडत होते? हे?"

"माह्या टालावर एवढा मोठा गडी रडलेला मी नाई पाह्यला, वहिनी. कपाळ बडवून घेतलं."

कुंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा एका पायात वहाण घालून बांबूला मिठी मारून उभा होता आणि त्याचं नाक अजून गळत होतं. बाईंनी ट्रंक पायानं हळूच आत सरकवली.

"मी काल तुला..." नीळकंठराव बोलू लागले. "ती सही माझीच होती. पोस्टमास्तरांच्या वेळी घाटावर केली मी. तुझं काही नव्हतं त्यात." आणि भरल्या गल्लीत, हेडमास्तर आणि पहिलवान मागून धापा टाकत येऊन पोचलेले असताना, त्यांनी दोन्ही कान धरले.

"पुरे," कुंदाबाई म्हणाल्या. "लोक पाहून राहिले." पण त्यांनी तीनदा पुरे म्हटलं तेव्हा कुठे नीळकंठरावांना कान सोडायची परवानगी मिळाल्यासारखी वाटली.

जमनाबाई टोपली घेऊन अवघडून उभ्या होत्या. "पिठलं आणलंच आहे तर ठेवून घ्या बाई," त्या म्हणाल्या. "आणि मी सगळ्यांना तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं हो."

"काय सांगितलं?"

"हेच, की जिभेनं तिखट होती, पण मनाची वाईट नव्हती म्हणून."

कुंदाबाईंनी पिठलं ठेवून घेतलं. ते वाक्यही ठेवून घेतलं. त्याचा निकाल पुढे संक्रांतीला लागला.

गर्दी पांगल्यावर देवराव अडखळत म्हणाला, "नीळकंठराव, तुमाले काय पाह्यजे होतं मंग टालावर?"

"पत्र. वर्गणी बंद करायचं."

"लिहून देतो ना. आत्ताच्या आत्ता देतो."

"काही नको," कुंदाबाई आतून म्हणाल्या. "चालू द्या, देवरावभाऊ. मी प्रत्यक्ष पाहिलं ना. सांगितल्याबरोबर आले तुम्ही, आणि बांबूही चांगले सरळ आणले. एवढं नीट काम गावात दुसरं कोण करते?"

या प्रशस्तीनं देवरावचे डोळे पाणावले. त्याच्या गिऱ्हाइकानं त्याच्या कामाबद्दल चांगलं बोलावं, हे आजवर घडलेलं नव्हतं.

"एक गोष्ट राह्यली," जाता जाता तो म्हणाला. "सवाशीन बाईले माहेरचं लुगडं नेसवल्याबिगर उचलत नाईत. म्हून मी सगळ्याच्या पह्यले बाराच्या गाडीच्या डायवराले, रामसिंगले, निरोप देल्ला. वणीच्या वाटेले लागला असन तो."

कुंदाबाई ज्या गाडीनं माहेरी जाणार होत्या त्या गाडीनं त्या गेल्या नाहीत. त्यांच्याऐवजी त्यांच्या मरणाची बातमी तिकीट न काढता वणीला गेली.

"तार करा लगेच," कुंदाबाई म्हणाल्या. नीळकंठरावांनी तारेचा मजकूर तयार केला. तो चांगला लांबला. शब्दाला पैसे पडतात म्हणून त्यांनी तो कापत कापत आणला, आणि शेवटी 'कुंदा नाही' एवढंच उरलं तेव्हा तो फाडून टाकला. तोवर तारघर बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दारात कोळशाचा ट्रक थांबला. वणीचे मोठे मेहुणे खाणीवर कामाला होते, आणि इतक्या माणसांना घेऊन येईल असं दुसरं वाहन त्यांना रातोरात मिळालं नव्हतं. ट्रकमधून सासूबाई सत्यभामाबाई उतरल्या, तिघे मेहुणे उतरले, त्यांच्या बायका, त्यांची पोरं, एक आत्या आणि आत्याचे यजमान उतरले. सगळे कोळशानं काळेकुळकुळीत, आणि प्रत्येकाच्या गालावरून अश्रूंच्या दोन स्वच्छ पांढऱ्या रेघा. सत्यभामाबाईंच्या हातात नवं हिरवं लुगडं होतं.

दार कुंदाबाईंनी उघडलं.

पुढे अंगणात जी किंकाळी उठली ती नेर गावापर्यंत ऐकू गेली असं म्हणतात. आत्या पडल्या. मेहुणे ट्रकमागे लपले. कुंदाबाईही किंचाळल्या, कारण पहाटे दारात इतके काळे लोक त्यांनी कधी पाहिले नव्हते. नीळकंठरावांनी सगळं समजावून सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्या वेळी त्यांनी शोकसभेपासून सुरुवात केली.

मग सगळे हसले, पुन्हा रडले, विहिरीवर आंघोळी केल्या. विहिरीचं पाणी पुढे आठ दिवस शाईसारखं येत होतं. पोटभर चहा झाल्यावर नीळकंठरावांनी अदबीनं विचारलं, "आज दुपारच्या गाडीनं निघणं होईल ना?"

"कशाला?" मोठे मेहुणे म्हणाले. "तेरा दिवसांची रजा काढून आलो आहे मी. आता परत हजर झालो तर साहेब विचारेल, कोण मेलं नाही म्हणून."

"पोरांच्या शाळेतही सांगून आलो," दुसरे मेहुणे म्हणाले.

"जावईबापू," सत्यभामाबाई म्हणाल्या, "माझ्या पोरीसाठी तुम्ही भर बाजारात रडले, हे ऐकलं मी. असा जावई घरोघरी नसतो. तेरा दिवस सोडून जायला पाय निघेल का माझा?"

तेरा दिवस नीळकंठराव ओसरीवर झोपले. मेहुण्यांच्या पोरांनी त्यांचा चष्मा, सदरा आणि सायकल वाटून घेतली. संध्याकाळी गल्लीतल्या बायका त्या रडलेल्या माणसाला पाहायला येत, आणि कुंदाबाई त्यांना बाहेर बोलावून दाखवत. तेराव्या दिवशी, कोणी मेलेलं नसताना, अकारण गोड जेवण झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या ट्रंका ओळीनं ओसरीवर आल्या. नीळकंठरावांनी आनंदानं मोजायला सुरुवात केली, आणि शेवटच्या ट्रंकेशी थांबले. ती कुंदाबाईंची होती.

"हे काय? तू कुठे निघालीस?"

"एवढी माणसं माझ्यासाठी धावत आली," कुंदाबाई म्हणाल्या. "पोचवायला नको? येईन की महिनाभरात."

"महिना? पण आपलं तर सगळं मिटलं होतं ना?"

"मिटलं म्हणून तर बिनधास्त जाऊन राहिली."

नीळकंठराव सगळ्यांना घेऊन मोटार स्टँडवर गेले. सामान टपावर चढलं. कुंदाबाई खिडकीशी बसल्या, आणि त्यांनी पिठाचा डबा कुठे, लोणचं कुठे, दूधवाला केव्हा येतो, हे सगळं सांगितलं. रामसिंगनं गाडी सुरू केली. धूळ उडवत गाडी फाटकाबाहेर वळली, आणि नेमकं तेव्हा नीळकंठरावांना आठवलं की पिठाच्या, लोणच्याच्या आणि साखरेच्या कोठीला कुलूप आहे आणि त्याची किल्ली कुंदाबाईंच्या कमरेला लटकते आहे.

"थांबवाऽ! अहो थांबवाऽ!" करत ते धोतर सावरत गाडीमागे धावले.

सगळं स्टँड उभं राहिलं. चहावाल्यानं गाळणं खाली ठेवलं. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. रामसिंगनं आरशात पाहिलं आणि गाडी हळू केली.

"वहिनी, सायेब धावून राह्यले. थांबवू का गाडी?"

कुंदाबाईंनी खिडकीतून मागे पाहिलं. मग पदरानं डोळे टिपले.

"नको रे, रामसिंग," त्या म्हणाल्या. "थांबली तर माझाही पाय निघणार नाही. तू जोरात घे."

रामसिंगनं जोरात घेतली.